जुनिपरची नवी कुंडी

गुडघ्याचं ऑपरेशन उरकून लेकीकडून घरी आलो, तर बाल्कनीत माझा जुनिपर तपकिरी पडलेला. लग्नाच्या आधीपासून वाढवलेला बोन्साय. तार गुंडाळून एकेक फांदी वळवलेली. पोरांचे एवढे लाड केले नाहीत, असं बायको म्हणते, आणि खोटं नाही म्हणत.

माझं डोकंच फिरलं. झाड सुनेवर सोपवून गेलो होतो. तिला दिवस गेलेत म्हणून तिची आई राहायला आलेली. दोघी भाजी निवडत होत्या. विहीणबाईंच्या देखत मी बोललो, "एक झाड सांभाळता आलं नाही तुला, मूल काय सांभाळणार?"

सून भाजी तशीच टाकून आत गेली. विहीणबाईंनी मान खाली घातली ती वर केलीच नाही.

दुपारी झाड कुंडीतून काढलं. माती थबथबलेली, मुळं काळी, कुजलेली. म्हणजे पाणी तर रोज घालत होती पोर. मग ते खालून निघालं का नाही? कुंडी उलटी केली. तळाच्या भोकांवर खाकी चिकटपट्टी. माझ्याच हातची. जाण्याआधी घाईघाईत झाड या नव्या कुंडीत हलवलं, तेव्हा भरताना रेती गळू नये म्हणून लावलेली. काढायची विसरलो.

आणि तिनं फोन केला होता हो. पाणी वरच साचतंय, घालायचं थांबवू का, विचारत होती. शहाणपणा करू नकोस, सांगितलंय तेवढं कर, म्हणून मीच तिला झापलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तरी पट्टी गुपचूप खिशात घातली. कुणाला कळणार होतं?

तेवढ्यात सून आली. नवी नवरी असताना मी तिला एक छोटं रोप दिलं होतं, ते तिनं माझ्या कुंड्यांच्या रांगेत ठेवलं.

"बाबा, हेही तुम्हीच सांभाळा. माझ्या हातून आणखी काही मरायला नको." बोलताना तिचा हात पोटावर होता.

माझी मान वर होईना. खिशातली पट्टी काढून तिच्यापुढे धरली. तिनं पट्टी बघितली, उलटी कुंडी बघितली आणि तिचे डोळे भरून आले. पण नुसतं तिला सांगून भागणार नव्हतं. लंगडत दारापर्यंत गेलो आणि आत हाक मारली.

"विहीणबाई, जरा बाहेर येता का? सकाळी तुमच्यासमोर बोललो, आता हेही तुमच्यासमोरच बोलायचंय."