मागच्या सीटचा पट्टा

डेपोत त्यांचं खरं नाव हजेरीबुकापुरतंच होतं. तोंडावर सगळे साहेब म्हणत, आणि पाठ वळली की चकतीसाहेब. तेव्हा प्रत्येक बसमध्ये वेगाच्या काट्यामागे एक कागदी चकती बसवलेली असे. बस धावली की एक बारीक सुई तिच्यावर रेघ ओढी, बस थांबली की रेघ खाली येऊन बसे. रोज सकाळी आदल्या दिवशीच्या चकत्यांचा गठ्ठा साहेबांच्या टेबलावर येई आणि ते डोळ्याला भिंग लावून वाचायला बसत. कोण भरधाव गेला, कुणी चहाला चार मिनिटं जास्त घेतली, कोण वळणावर झोपेतून दचकला, सगळं त्यांना त्या रेघेत दिसे. बत्तीस वर्षं त्यांनी हे केलं आणि त्यात त्यांना मनापासून मजा आली. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी म्हाताऱ्याला संत समजायला नको.

एकदा एका ड्रायव्हरच्या चकतीवर अकरा मिनिटांचा थांबा निघाला. त्या जागी ना स्टॉप, ना दुकान, ना गाडी बिघडल्याची नोंद. साहेबांनी त्याला उभं केलं आणि अकरा मिनिटं कुठे होतास म्हणून विचारलं. ड्रायव्हर वयाने त्यांच्याहून मोठा होता, पांढऱ्या मिशांचा. तो म्हणाला, "तेवढं सांगणार नाही, साहेब." दम देऊन झाला, गोडीगुलाबी करून झाली, पण गडी ढिम्म हलला नाही. साहेबांनी तीन महिने निलंबनाचा शेरा मारला आणि संध्याकाळी घरी येऊन बायकोला म्हणाले, की मनात पाप असल्याशिवाय माणूस गप्प बसत नाही.

आता बायको राहिली नव्हती. घर साहेबांचं होतं आणि त्यात थोरला मुलगा व सून राहत. डोळ्यांचं ऑपरेशन झालं तसं मुलाने जुन्या गाडीची किल्ली काढून घेतली आणि नवी गाडी दारात आणून उभी केली. गाडी मुलाच्या नावावर. लेन सुटली की ती ओरडायची, झोप लागली की स्टिअरिंग थरथरवायची. मुलगा म्हणाला, "तुमच्या काळजीपोटी घेतलीय, बाबा." काळजी हा शब्द आमच्याकडे फार स्वस्त झालाय. ज्याला दुसऱ्याच्या गळ्यात दोरी अडकवायची असते तो आधी काळजी व्यक्त करतो.

साहेबांनी पहिल्याच दिवशी गाडी तपासली. बॉनेट उघडलं, टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली आडवे झाले, काट्यामागे बोटं घालून पाहिली. चकती नव्हती, सुईही नव्हती. बत्तीस वर्षं दुसऱ्यांची चुगली वाचलेल्या माणसाला वाटलं, चकती नाही म्हणजे चुगली नाही. राहिला फोन. तो काय काय सांगतो हे त्यांनी ऐकलं होतं, म्हणून दर बुधवारी बाहेर पडताना ते फोन मोज्यांच्या खणात ठेवून जात. सून म्हणे, बाबा हल्ली फार विसरतात. साहेब मनातल्या मनात हसत.

बुधवारी ते धाकटीकडे जात.

धाकटी म्हणजे त्यांची मुलगी. सात महिन्यांपूर्वी सहा वर्षांच्या पोरीला घेऊन ती नवऱ्याच्या घरातून निघाली होती. जावई आणि थोरला मिळून फरशीचं दुकान चालवत. फरशी विकणाऱ्याची बायको फरशीवरून तीनदा घसरून पडली, दोनदा मनगट मोडलं, एकदा जबडा सुजला, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. थोरल्याचं म्हणणं असं, की टाळी एका हाताने वाजत नाही. हे त्याने बहिणीला प्लास्टर घातलेला हात समोर असताना ऐकवलं होतं. तेव्हापासून तिने भावाचं तोंड पाहिलं नाही. ती कुठे आहे हे फक्त बाबांना ठाऊक होतं, आणि तेही त्यांच्याकडून शपथ घेऊन. दुधाने तोंड पोळलेली होती ती, ताकही फुंकून पीत होती. एका बापावर तेवढा विश्वास टाकला.

तासाभराच्या अंतरावर, एका लॉन्ड्रीच्या माडीवर तिची खोली होती. तिथे ती दवाखान्याच्या चादरींना शिवण मारायची. खाली यंत्रांची घरघर आणि ओल्या कपड्यांची वाफ. साहेब गल्लीच्या तोंडाशी गाडी लावत आणि नात धावत येई. तिचा एकच खेळ होता. ती मागच्या सीटवर बसे, साहेब पुढे ड्रायव्हर, आणि गाडी जागेवर उभी राहूनच जगभर फिरे. दिवे लागले पाहिजेत म्हणून साहेब गाडी सुरू ठेवत. "पट्टा लावल्याशिवाय गाडी सुटत नाही," असं ते साहेबी आवाजात बजावत आणि ती खटकन पट्टा लावी. धाकटी हातातली चादर संपवून खाली येई, खिडकीशी उभी राहून बोले, पोरीची वेणी सारखी करी. तिचं मनगट आता बरं झालं होतं, फक्त पावसाळी हवेत दुखे. चाळीस मिनिटं झाली की साहेब निघत.

असे अकरा बुधवार झाले.

एका रविवारी जेवणं झाल्यावर चिरंजीवांनी बाबांना दिवाणखान्यात बोलावलं. सून भाजी निवडायचं निमित्त करून तिथेच बसली होती. चिरंजीवांनी फोनवर बोट फिरवलं आणि भिंतीवरच्या टीव्हीत नकाशा उमटला. नकाशावर निळी रेघ होती, घरापासून निघालेली, आणि तिच्या टोकाला लाल टिपका. खाली यादी. बुधवार, थांबा चाळीस मिनिटं. बुधवार, थांबा बेचाळीस मिनिटं. बुधवार, थांबा एकोणचाळीस.

साहेबांनी ती रेघ पाहिली. रेघ कशी वाचायची हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. ते खुर्चीचा हात धरून बसले. मग ते म्हणाले, की फोन तर घरी होता.

"फोन कशाला लागतो? गाडीतच सिम आहे," चिरंजीव म्हणाले. "आम्हाला काळजी वाटते म्हणून बघतो. कोण राहतं तिथे?"

सुनेने मान खाली घातली आणि शेंगेच्या शिरा काढू लागली. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तेवढ्यावरून साहेबांना उमजलं, की या दोघांना म्हातारचळाचा संशय आहे. त्यांना हायसं वाटलं. अब्रू गेली तर जाऊ दे, या वयात अब्रू घालून कुठे मिरवायचंय? ते ताठ बसले आणि म्हणाले, हो, आहे एक बाई. विधवा आहे. आम्ही भेटतो, बोलतो, आणि यात तुला नाक खुपसायचं कारण नाही. जन्मात पहिल्यांदा ते इतक्या सफाईने खोटं बोलले.

चिरंजीव हसले. त्यांनी यादी आणखी खाली सरकवली.

"ती बाई मागच्या सीटवर बसते का, बाबा? पुढची सीट कायम रिकामी आहे. दर बुधवारी मागचं डावं दार उघडतं, पट्टा लागतो, आणि गाडी तर जागेवरच असते. उभ्या गाडीत पट्टा कोण लावतं? लहान मूल."

साहेब मुलाच्या चेहऱ्याकडे पाहत होते. तिथे राग नव्हता, रेघ बरोबर वाचल्याचा आनंद होता. हा चेहरा त्यांच्या ओळखीचा होता. बत्तीस वर्षं तो त्यांनी स्वतःच्या मानेवर वागवला होता. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, आणि हा दांडा त्यांच्याच झाडाचा होता.

"कुणाला सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

चिरंजीव म्हणाले, सांगायचं काय त्यात, तिचा नवराच आहे तो. पत्ता सकाळी पाठवला. तो समजावून आणायला निघालाय, अर्धा तास झाला. किती दिवस चालायचा हा पोरखेळ, दुकानात लोक विचारतात.

साहेब उठले. गाडीने गाठणं शक्य नव्हतं, जावई अर्ध्या वाटेवर पोचला असणार. त्यांनी खिशातून फोन काढला. धाकटीचा नंबर त्यांनी मुद्दाम फोनमध्ये ठेवला नव्हता, तो तोंडपाठ होता. घाईत दोनदा चुकला. चिरंजीव पुढे होऊन फोन घ्यायला लागले तसं साहेबांनी डेपोतल्या आवाजात सांगितलं, की हात लावलास तर हात मोडून ठेवीन. सुनेने नवऱ्याची बाही धरून त्याला मागे ओढलं. तेवढं पुण्य तिच्या पदरी घालायला हवं.

पलीकडे शिवणयंत्राचा आवाज येत होता. साहेब म्हणाले, की तो निघालाय. यंत्र थांबलं.

"किती वेळ आहे?" धाकटीने विचारलं.

"अर्धा तास. बाळ, माझ्यामुळे झालं. माझ्या गाडीने सांगितलं."

ती रडली नाही, ओरडलीही नाही. पोरीला चपला घाल म्हणाली, कुलपाची किल्ली कुठे ठेवली ते स्वतःशीच पुटपुटली. मग फोन तोंडाशी आणून म्हणाली, "बाबा, आता कुठे जाते ते तुम्हालाही सांगणार नाही."

"नको सांगूस," साहेब म्हणाले. "मी विचारलं तरी सांगू नकोस."

तिने फोन ठेवला. त्यानंतर तो नंबर कधीच लागला नाही.

जावई पोचला तेव्हा खोलीला कुलूप होतं. त्याने ते तोडलं. आत यंत्राच्या सुईखाली अर्धी शिवलेली चादर अडकलेली होती आणि दोरीवर पोरीचा फ्रॉक वाळत होता. लॉन्ड्रीवाल्याने हात वर केले. संध्याकाळी जावयाने फोनवर चिरंजीवांना जे काय सुनावलं ते बाहेर ओसरीपर्यंत ऐकू येत होतं, आणि साहेबांनी ते खुर्ची दाराजवळ ओढून ऐकलं.

पुढच्या बुधवारी साहेबांनी गाडी काढली. फोन खिशात घेतला. चिरंजीवांना वाटलं, म्हाताऱ्याला धाकटीचा नवा ठावठिकाणा कळलेला दिसतो. त्यांनी किल्ली काढून घेतली नाही. का, ते उघड आहे. साहेबांनाही ते उघड होतं.

त्या बुधवारी लाल टिपका उमटला तो शहराच्या सांडपाण्याच्या कारखान्यामागे, चाळीस मिनिटं. जावई दुसऱ्या दिवशी नाकाला रुमाल लावून तिथल्या चाळी धुंडाळून आला. पुढचा बुधवार गुरांच्या दवाखान्याच्या दारात, एकेचाळीस मिनिटं. त्याच्या पुढचा, दोन तास लांब दगडाच्या खाणीपाशी. जावई दुकान टाकून हिंडतो आहे. चिरंजीव एकटेच फरशा विकतात आणि रोज रात्री भिंतीवरची रेघ वाचत बसतात. एकदा त्यांनी न राहवून विचारलंच, की बाबा, खरं सांगा, चाळीस मिनिटं तिथे काय असतं.

"तेवढं सांगणार नाही," साहेब म्हणाले.

बोलून झाल्यावर त्यांना पांढऱ्या मिशा आठवल्या. त्या अकरा मिनिटांत काय होतं ते आता कुणाला विचारायची सोय नाही, तो ड्रायव्हर कधीच गेला.

बुधवारी साहेब गाडी कुठल्याशा अनोळखी गल्लीच्या तोंडाशी लावतात. गाडी सुरूच ठेवतात. खाली उतरतात, मागचं डावं दार उघडतात, रिकाम्या सीटवरून पट्टा ओढून खटकन लावतात, दार लावतात आणि पुढे येऊन स्टिअरिंगवर हात ठेवून बसतात. आरशात पट्टा दिसतो, नीट ताणलेला. चाळीस मिनिटं झाली की ते उतरून तो सोडतात आणि घरी येतात.