मागचा बार

गाडीचा पोलादी बार आधी फरशीवर आदळला. मग शेर्विनने तो उचलला आणि इनेझच्या हातावर हाणला.

"तू म्हणालीस गाडी चालेल! कुठं चालली? टायरांच्या भिंतीत घुसली, सगळ्यांसमोर!"

"मी नाही म्हणाले." इनेझने कोपर धरून ठेवलं होतं. "मागे एवढा जाड बार नको, असं म्हटलं होतं. तूच आणलास."

दुसरा फटका तिने चुकवला. पत्र्याच्या दाराला पोचा पडला.

मालाडला, ऑर्लेमच्या एका गल्लीत त्यांचं गॅरेज. वडील गेले तेव्हा ते शेर्विनच्या नावावर झालं आणि काम थोरल्या बहिणीच्या, इनेझच्या, अंगावर पडलं. शेर्विन रविवारी रेसला उतरायचा, कप आणायचा. गाडी तयार करायची इनेझ. वळणावर गाडी नाक बाहेर टाकत होती, पुरती वळत नव्हती, म्हणून तिने मागच्या स्प्रिंगा थोड्या कडक निवडल्या होत्या. मागे बारीक बार सुचवला होता. बार म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा, गाडीला कलू न देणारा पोलादी दांडा. "फार जाड घातलास तर शेपूट सुटेल, गाडी गर्रकन फिरेल," असं ती म्हणाली होती. पण शेर्विनला कुणीतरी सांगितलं होतं की जितका जाड तितका भारी. रविवारी गाडी गर्रकन फिरली.

"शेर्विन, बस कर रे," मागच्या खोलीतून आई, जेनिस, म्हणाली आणि पुन्हा मासळी साफ करायला बसली.

दोन दिवसांनी तो नव्या स्प्रिंगा घेऊन आला. बाजारातल्या सगळ्यात कडक.

"या नको रे. आपल्या खडबडीत ट्रॅकवर गाडी नुसती उडेल, चाक जमीन धरणारच नाही. तो जाड बार काढलाय मी, बारीक घालते. जुन्या स्प्रिंगाच राहू दे."

"तुला विचारलं का? बसव."

तिचा डावा हात मनगटापर्यंत सुजला होता, मूठ वळत नव्हती. स्प्रिंग दाबून बसवायची म्हणून एका हाताने तिने तिला दोन्हीकडून क्लॅम्प लावले आणि आवळत आणले. दुसरा क्लॅम्प धरायला शेर्विन वाकला, एका हातात मोबाइल घेऊनच. स्प्रिंग पुरती दबली तेव्हा त्याच्या बाजूचा क्लॅम्प सरकताना इनेझला दिसला. ओरडायलाही वेळ नव्हता. तिने खांद्याने त्याला ढकललं.

धाडकन आवाज झाला. स्प्रिंग त्याचा चेहरा होता तिथून गेली, छपराचा पत्रा फाडून बाहेर गल्लीत पडली. बाहेर कुणीतरी किंचाळलं.

शेर्विन उठला. त्याने वरचं भोक पाहिलं. मग इनेझचे केस मुठीत धरले.

"मला ढकलतेस? मारायला बघतेस मला?"

त्याने तिचं डोकं गाडीच्या बॉनेटवर आपटलं. पुन्हा आपटलं. तिचा ओठ फाटला. आई धावत आली, दोघांना बघितलं आणि म्हणाली, "इनेझ, कशाला ढकललंस गं त्याला?"

इनेझने तशाच अवस्थेत आईकडे पाहिलं. मग तिचा उजवा हात गाडीला टेकवून ठेवलेल्या जाड बारवर गेला. त्याचं डोकं तिच्या आवाक्यात होतं. तिने गुडघ्यावर मारलं. तो ओरडला, पण केस सोडले नाहीत. तिने पुन्हा तिथंच मारलं. हाड मोडल्याचं तिला हातातच कळलं. त्याची मूठ सुटली, तशी ती थांबली.

रिक्षा तिनेच बोलावली. आईने मुलाचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

हॉस्पिटलात डॉक्टरबाईंनी पँट कापून गुडघा पाहिला. "कसं झालं?"

"स्प्रिंग सुटली," शेर्विन दात आवळून म्हणाला.

"हो, स्प्रिंग," आई लगेच म्हणाली. "गॅरेज आहे ना आमचं. होतं असं."

डॉक्टरबाई लिहायला लागल्या.

"नाही," इनेझ म्हणाली. "मी मारलं. बारने. दोनदा."

"गप बस गं बाय! पोलीस येतील," आई म्हणाली.

"येऊ देत."

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. त्यांनी इनेझचा ओठ पाहिला, छातीशी धरलेला हात पाहिला.

"आणि तुम्हाला कुणी मारलं?"

इनेझ स्टुलावर बसली आणि डाव्या बाहीचं बटण सोडवू लागली. सुजेने कापड ताणलं होतं, बटण निघेना. तिने ते ओढून तोडलं आणि हात टेबलावर ठेवला.