ओरडणाऱ्या अर्नचा निरोप

अर्न क्विल्टीने जाण्याआधी मुलाला दोनच गोष्टी बजावल्या होत्या, पाद्री नको आणि टाय नको. म्हणून रॉडनीने मेरिनला फोन केला. टास्मानियातल्या त्या नदीकाठच्या गावांत ज्यांना चर्च नको असे, त्यांच्या निरोपाचा कार्यक्रम मेरिन करायची. घरी जायचं, माणूस कसा होता ते विचारायचं, लिहून काढायचं आणि लोकांसमोर नीट सांगायचं, हे तिचं काम. तीन वर्षांत तिची एक तारीख चुकली नव्हती.

अर्नच्या घरी मात्र तिचं काही चालेना. अर्नची बायको थेल्मा, वय एक्क्याऐंशी, हाताची घडी घालून टेबलाशी बसली. "माणूस चांगला होता," एवढंच म्हणाली आणि चहा टाकायला उठली. बाकी सगळं रॉडनीने सांगितलं. तो होबार्टला बँकेत होता. बोलणंही इस्त्री केल्यासारखं.

शुक्रवारी फुटबॉल क्लबच्या हॉलमध्ये दीडशे माणसं जमली. सफरचंदांची तोडणी चालू होती, तरी लोक बागांतून तसेच मातीच्या बुटांनी आले. शवपेटीवर अर्नची ट्रक चालवतानाची टोपी होती. मेरिन वाचू लागली, "अर्न शांत स्वभावाचे. त्यांचा आवाज कधी चढला नाही."

मागे कोणीतरी खोकलं. पहिल्या रांगेतून थेल्मा म्हणाली, "हे कोणी सांगितलं तुला?"

"मी सांगितलं, आई," रॉडनी कुजबुजला.

"लोकांना वाटेल, आपण भलत्याच्याच मयताला आलो."

हॉलभर खसखस पिकली. मेरिनचे कान तापले. तिने घाईने पुढचं वाक्य घेतलं, "त्रेसष्ट साली एका नाचात त्यांची थेल्माशी भेट..."

"नाच कसला? त्याने माझी सायकल चिरडली."

अजून चार पानं वाचायची होती. मेरिनने ती मिटली, खुर्ची ओढली आणि थेल्मासमोर जाऊन बसली. "मग तुम्हीच सांगा. काय झालं होतं?"

थेल्माने एकदा पेटीकडे पाहिलं. "मी शेडमध्ये सफरचंदं भरायचे. ह्याने मागे घेताना ट्रक सायकलवर घातला आणि वर मलाच झापलं, ही काय सायकल लावायची जागा आहे का म्हणून. दुसऱ्या दिवशी सायकल दुरुस्त होऊन दारात. हा मात्र ट्रकमधून उतरेना. माफी मागणं त्याला जन्मात जमलं नाही. आधी ओरडायचा, मग पाना घेऊन काहीतरी नीट करत बसायचा. साठ वर्षांत आमच्या घरात एक नळ गळला नाही. आता काय ते समजा."

हसू ओसरल्यावर शेजारची एव्हिस उठली. "माझं फाटक त्याने न सांगताच बसवून दिलं होतं."

"त्याआधी तुला काय बोलला होता?" थेल्माने विचारलं.

"ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही."

आता रॉडनीही हसला. थेल्माचा आवाज मात्र खाली आला. "शेवटचे दहा दिवस दवाखान्यात गोड बोलायला लागला. उशी सारखी केली तरी थँक्यू म्हणायचा. नर्सना कौतुक. मी बाहेर गाडीत बसून रडले. मला तेव्हाच कळलं."

मेरिनने तिचा हात धरून ठेवला. मग पानांतलं काहीही न वाचता तिने अर्नला दोन शब्दांत निरोप दिला, आणि रॉडनीने इतरांबरोबर पेटीला खांदा दिला.

नंतर चहा-सँडविच चालू असताना थेल्मा मेरिनजवळ आली. "रागावलीस का गं?"

"नाही. पण हे घरी का नाही सांगितलंत?"

"घरी त्याची रिकामी खुर्ची समोर होती. तोंडच उघडेना. इथे सगळी त्याची बोलणी खाल्लेली माणसं." तिने एक सँडविच उचललं. "माझ्या वेळी तूच ये. पण रॉडनीला काही विचारू नकोस."

"मग कोणाला विचारू?"

"मला. बुधवारी सकाळी मोकळी असते मी."

मेरिन बुधवारी गेली. पुढच्या बुधवारीही गेली. आता दोन वर्षं झाली, आणि थेल्माची गोष्ट अजून लग्नापर्यंतसुद्धा आलेली नाही.