शिवकन्येची चौकशी

सोयाबीनची काढणी उरकली होती. कडूबाई अंगणात ताडपत्रीवर दाणे पसरत होती, तेव्हा शेजारच्या केशरबाईच्या दुकानापुढं एक मोटारसायकल थांबली. राणीसावरगावच्या अलीकडच्या त्या वस्तीत अनोळखी मोटारसायकल आली की लोक फक्त एवढंच पाहतात, मागं बाई बसली आहे का. बाई असली, ती पदर सावरत उतरली आणि उतरल्या उतरल्या इकडंतिकडं पाहू लागली, की समजायचं, कुणाच्या तरी मुलीची चौकशी आली.

ही चौकशी मुलीच्या घरी होत नाही. ती दुकानात होते, पिठाच्या गिरणीत होते, फाट्यावरच्या चहाच्या टपरीत होते. मुलगी कशी आहे, हे ज्यांना तिचं काहीच देणंघेणं नाही अशांना विचारायचं, आणि ते जे सांगतील ते खरं मानायचं. कुणी हसून मान हलवली तर सोयरीक पुढं जाते. कुणी नुसतं "बघा बाबा, तुमचं तुमी" म्हणून गप्प बसलं तरी ती मोडते आणि मुलीच्या नावाला कायमचा डाग लागतो. मुलाचीही चौकशी होते म्हणे. तो पितो का, असं विचारतात, आणि पितो म्हटलं तर "थोडीशीच ना" म्हणून लग्न ठरवतात.

केशरबाईनं बोट केलं ते कडूबाईच्या घराकडं. कडूबाईनं दाणे पसरायचं थांबवलं.

चार दिवसांपूर्वीच तिचा नवरा सूर्यभान जेवताना म्हणाला होता, "पाथरीकडचं स्थळ हाय. मान्सं चौकशीला येतील. नीट बोल. तोंड वाकडं करू नगंस."

दरवर्षी दिवाळी जवळ आली की हे नवरा-बायको ऊसतोडीला जात. ऊसतोडीत जोडप्यालाच कोयता म्हणतात. एकट्या गड्याला मुकादम टोळीत घ्यायला नाखूश असतो, म्हणून पोरांची लग्नं लवकर होतात. आणि आईबाप उसाच्या फडावर गेल्यावर मागं एकटी राहिलेली पोर गावाच्या डोळ्यात सलते, म्हणून पोरींची त्याहून लवकर. कडूबाई स्वतः चौदाव्या वर्षी कोयत्याचा अर्धा भाग झाली होती. शिवकन्या मागं आजीजवळ राहून शिकली, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापर्यंत पोचली. पण गेल्या उन्हाळ्यात आजी वारली, आणि सूर्यभानला झोप लागेनाशी झाली. एकोणीस वर्षांची पोर, घरात कुणी नाही. तो रोज संध्याकाळी तिचा फोन मागून घ्यायचा आणि अंगठ्यानं वर-खाली सरकवत बसायचा. शिवकन्या काही न बोलता फोन त्याच्या हातात द्यायची. एकदाच ती बापाला म्हणाली होती, "दादा, काय हुडकताव ते सांगा, मीच काढून देते." त्यावर त्यानं तिच्याकडं जास्तच संशयानं पाहिलं होतं.

या संशयाच्या घरात तिनं एक गोष्ट फक्त आईला सांगितली होती. विधानमंडळात कॉलेजच्या पोरांना काम शिकायला घेतात, तीन महिने मुंबईत, राहायची सोय मुलींच्या वसतिगृहात. राज्यशास्त्र शिकवणाऱ्या प्रभावती मॅडमनी तिला अर्ज करायला लावलं होतं. सभागृहात एकच प्रश्न विचारायला मिळाला तर कोणता विचाराल, असं त्यात होतं. शिवकन्येनं लिहिलं, आईबाप ऊसतोडीला गेल्यावर गावात मागं राहणाऱ्या मुलींचं काय. मुलाखत प्राचार्यांच्या खोलीत संगणकासमोर बसून झाली. नंतर मॅडम म्हणाल्या, "नाव आलंय. आता फक्त पडताळणी राहिली." पडताळणी म्हणजे कागदं बघत असतील, असं मायलेकींना वाटलं.

कडूबाईला सभागृह म्हणजे काय ते कळलं नव्हतं. मुलाखतीच्या दिवशी घरी आलेल्या लेकीचा चेहरा मात्र तिनं पाहिला होता. तो चेहरा लग्न ठरल्यावर राहणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आता ती दोघं अंगणात आली. माणूस मधल्या वयाचा, हातात हेल्मेट. बाई तिशी-पस्तिशीची, साध्या साडीत, नजर मात्र घराच्या कोपऱ्याकोपऱ्यातून फिरणारी.

"सूर्यभानरावांचं घर हेच का?"

"हेच. मालक न्हाईत. मुकादमाकडं गेल्यात."

"असू द्या. तुम्ही शिवकन्याच्या आई ना? मुलीची थोडी माहिती पाहिजे होती."

ती कोण, कुठली, हे कडूबाईनं विचारलं नाही. चौकशीला आलेल्यांना नाव विचारायचं नसतं.

"कॉलेजला रोज जाते का? घरी किती वाजता येते? कुणाशी भांडणतंटा? पोलिसात वगैरे कधी नाव?"

पोलिसाचं नाव ऐकून कडूबाई जरा चपापली. पण हल्लीचे सोयरे काय काय विचारतील याचा नेम नाही, असं म्हणून तिनं मन आवरलं. मग ती खाली बसली, दाण्यांतला एक खडा उचलला आणि चार दिवस मनात घोळवलेलं बोलून टाकलं.

"खरं सांगू का ताई, पोरगी आमच्या हातात न्हाई. कॉलेजचं नाव सांगती आन् कुठं जाती, देवाला ठाऊक. दोनदा घरातून निघून गेलती. लोकाच्या घरात देऊन आमी कशाला पाप घ्यावं?"

बाई तिच्याकडं बघतच राहिली. "तुम्ही सख्खी आई ना?"

"सख्खी हाय, म्हनून तर खरं सांगायलेय."

खोटं बोलताना जीभ अडखळली नाही, याचंच तिला नवल वाटलं. ती दोघं चहा न घेता गेली. कुंपणापलीकडं केशरबाई कधीची शेणी रचत उभी होती. कडूबाईनं तिला पाहिलं आणि मनात म्हणाली, ऐकू दे. एकदा नाव खराब झालं की दुसरं स्थळ यायला वर्ष लागेल. तेवढ्यात पोर मुंबई बघून येईल. आपल्याच लेकीच्या नावाला काळं फासून तिला वाचवावं लागतं, अशी ही आपली रीत आहे, आणि आपण या रीतीला घराण्याची काळजी म्हणतो.

शिवकन्या एसटीतून उतरून घरी आली तेव्हा कडूबाई चुलीपुढं बसून जवळजवळ हसत होती.

"मोडलं म्या."

"काय मोडलं?"

"पाथरीवालं. आले हुते दोघं. असं सांगितलं की पुन्यांदा फिरकनार न्हाईत." आणि काय काय सांगितलं ते तिनं सगळं सांगितलं.

शिवकन्येला हसावं की रडावं कळेना. आई आपल्यासाठी एवढं खोटं बोलली, याचं तिला भरून आलं, आणि त्याच वेळी ते शब्द कानात बोचत राहिले. तेवढ्यात फोन वाजला. प्रभावती मॅडम होत्या. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

"शिवकन्या, आज ठाण्यातून तुझ्या घरी पडताळणीला माणसं येऊन गेली ना? ती बाई मला विचारत होती, मुलीबद्दल तुम्हाला खात्री आहे का म्हणून. घरच्यांनीच काहीतरी भलतं सांगितलंय. काय झालं गं?"

शिवकन्येनं फोन खाली ठेवला आणि आईकडं पाहिलं. "आई, ती पाथरीची न्हवती. पोलिस हुती. मुंबईसाठी आलती."

कडूबाईची थापायला घेतलेली भाकरी परातीतच राहिली. मग ती एकदम म्हणाली, "मग साडीत कशाला आली ती?" आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. शिवकन्या तिच्याजवळ बसली. तिला आईचा राग आला होता, आणि तो कुठं ठेवावा हे तिला कळत नव्हतं.

सूर्यभान आला तो केशरबाईच्या दुकानावरून सगळं ऐकूनच. पाथरीकडून नकाराचा फोनही येऊन गेला होता. त्यांची माणसं यायचीच होती, पण त्यांचा कुणी भाऊबंद फाट्यावर बसत असे, आणि बातमीला मोटारसायकल लागत नाही. कडूबाईनं नवऱ्यापासून काही लपवलं नाही. मुंबईचंही सांगून टाकलं.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "मला न सांगता अर्ज केला," एवढंच म्हणाला. मग थोड्या वेळानं, "बरं झालं. मुंबई तरी टळली."

"टळली न्हाई," कडूबाई म्हणाली. "उद्या म्या ठान्यात जायलेय. खोटं बोलले, असं सांगायलेय."

"ठान्यात? बाईमान्सानं? लोक काय म्हनतील?"

"म्हनायचं ते म्या आधीच म्हनून ठेवलंय."

सकाळी मायलेकी जीपनं तालुक्याला गेल्या. सूर्यभान त्यांच्याबरोबर निघाला नाही. तो फाट्यावर चहाला बसला. टपरीतल्या चौघांचं बोलणं त्याला पाहून थांबलं आणि तो पाठमोरा होताच पुन्हा सुरू झालं. "आईच म्हनती म्हंजे खरंच आसंल की," कुणीतरी म्हणालं. "बापानं फोन तपासला म्हनून काय झालं." आणि सगळे हसले. सूर्यभाननं कप तसाच ठेवला. इतकी वर्षं हाच संशय त्याच्या स्वतःच्या मनात होता आणि तो त्याला बापाची जबाबदारी वाटत होता. दुसऱ्याच्या तोंडून तो ऐकला तेव्हा त्याला त्याची घाण आली. मागची जीप आली तशी तो तिच्यात चढला.

ठाण्यात ती कालची बाई खाकी वर्दीत बसली होती. छातीवर नाव होतं, बबिता. कडूबाईचं सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "वर्दीत आलो असतो तर पोलिस आले म्हणून गावानं हिचंच नाव घेतलं असतं. म्हणून साध्या कपड्यात आलो. आम्ही कोण ते सांगायला पाहिजे होतं, तेवढं चुकलंच. पण बाई, तुम्ही काल एक सांगितलं, आज दुसरं सांगताय. मी कोणतं खरं धरू? कुणी म्हणेल, पोरीनं रडून आईला इथं आणलं."

काल कडूबाईच्या खोट्यावर लगेच विश्वास बसला होता, आणि आज खऱ्यासाठी पुरावा मागत होते. ती नुसती लेकीकडं बघत राहिली. शिवकन्या ताठ उभी होती, ओठ दाबून.

"मी हिचा बाप," दारातून आवाज आला.

सूर्यभान टोपी हातात धरून आत आला. बबितानं त्याला खुर्ची दाखवली, पण तो बसला नाही.

"तुमची मुलगी कशी आहे?" तिनं विचारलं.

हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारलाच नव्हता. विचारणारे दुकानात विचारून जात.

"बाई, म्या हिच्यावर लय शक घेतला," तो म्हणाला. "रोज हिचा फोन बघितला. कॉलेजच्या गेटापसून मागं मागं बी आलो एकदोनदा, हिला ठाऊक न्हाई. दप्तर हुडकलं. शेजाऱ्याला नजर ठिवायला लावली. इतकी चौकशी तुमच्या खात्यानं बी केली नसंल. मला कवाच काही घावलं न्हाई." त्यानं एकदा लेकीकडं पाहिलं. "खोट माझ्या नजरंत हुती. पोरीत न्हवती. हे लिवून घ्या आन् माझा अंगठा... न्हाई, सही घ्या. हिनंच शिकवलीय."

शिवकन्येनं आत्ता मान खाली घातली. बाप मागं मागं आला होता, हे तिला खरोखरच ठाऊक नव्हतं. तिला ते आवडलं नाही, आणि तरीही तिचे डोळे वाहू लागले. तिनं ते पुसले नाहीत.

बबितानं त्याचा जबाब लिहून घेतला, कडूबाईचाही. मग ती शिवकन्येकडं वळली. "आणि तुला काय सांगायचंय?"

"मला जायचंय," शिवकन्या म्हणाली.

अहवाल नीट गेला, आणि बोलावणं आलं. परभणीहून गाडी होती. स्टेशनवर सूर्यभाननं लेकीला तिचा फोन परत दिला. आदल्या संध्याकाळी सवयीनं त्यानं तो मागून घेतला होता आणि न उघडताच उशाशी ठेवला होता. गावाचं म्हणाल तर गाव तसंच होतं. मुंबईला धाडलेली पोर कशी परत येते ते बघू, असं म्हणणारे पुष्कळ होते, आणि ती कशी परत येते याची त्यांना चिंता नव्हती, उत्सुकता होती.

टोळी निघायच्या आदल्या दिवशी कडूबाई फडावर घालायच्या पालाचं सामान बांधत होती. फाट्यावरून एक मोटारसायकल आली आणि तिच्याच दारात थांबली. मागं बाई होती. पदर सावरत ती उतरली.

"ते दुकानवाल्या केशरबाईची नात, प्राची. कशी हाय हो पोरगी?"

पलीकडं दुकानाच्या दारात केशरबाई येऊन उभी राहिली होती. तिच्या हातातलं माप हातातच होतं. कडूबाई काय बोलते, हे ऐकू यावं म्हणून तिनं मान पुढं काढली होती. कुंपणाजवळ उभं राहून आपण काय ऐकलं आणि कुठं कुठं सांगितलं, ते सगळं तिला त्या वेळी आठवत असणार.

कडूबाईनं दोरीची गाठ पक्की केली आणि सरळ उभी राहिली.

"चांगली हाय का वाईट हाय, हे म्या का सांगावं? ती बघा, हापशावर पानी भरायलीय. तिला लग्न करायचंय का, का आनखी शिकायचंय, ते तिलाच जाऊन विचारा."

हापसा पन्नास पावलांवर होता. पाहुणे मात्र जागचे हलले नाहीत. मुलीला काय विचारायचं असतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.