तांब्याभर शेअर

भारतनं नवी कोरी गाडी दारात आणून उभी केली, तेव्हा भामाबाईनं तिला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि मग लेकाला तोंडावर सांगून टाकलं, "चांगली हाय रे. पर आमच्या गाडीची सर न्हाई हिला."

आमची गाडी म्हणजे वाघदरवाडीची अँबॅसिडर. तिला भंगारात जाऊनही आता जमाना लोटला, पण भामाबाईचा तिच्याबद्दलचा ताठा तसूभर कमी झालेला नाही. आणि का म्हणून व्हावा? ती गाडी काय होती हे तिला माहीत आहे, तुम्हाआम्हाला नाही.

बहात्तरच्या दुष्काळाआधी आपल्याकडं सहकाराचं वारं असं काही सुटलं होतं की विचारू नका. दुधाची सोसायटी, बियाण्याची सोसायटी, साखर कारखान्याचे शेअर. जो उठेल तो चेअरमन. वाघदरवाडीच्या बबनरावांनी अशाच एका चेअरमनची मोटार बघितली आणि त्यांची झोप उडाली. एकट्याच्यानं मोटार घेणं होणार नव्हतं. मग त्यांनी गावातले आठ जण जमवले आणि चार हात फिरून आलेली एक अँबॅसिडर सहकारी तत्त्वावर विकत घेतली. सहकार म्हटल्यावर सगळं रीतसर पाहिजे. बबनराव गाडीचे चेअरमन झाले. लिंबाखाली तिची वार्षिक सभा भरू लागली. धोंडीराम पूर्वी ट्रकवर क्लीनर होता, तो ड्रायव्हर म्हणून बिनविरोध निवडून आला, कारण दुसऱ्या कुणाला गाडी चालवताच येत नव्हती. बायकांचा त्या गाडीशी संबंध एवढाच, की ती गेली की तिची धूळ लुगड्यावर घ्यायची.

भामाबाई तेव्हा विशीतली, दोन लेकरांची आई. धूळ झटकता झटकता ती गाडीकडं बघत राहायची. गाडी तिला आवडायची, उगाच कशाला खोटं बोला.

मग बहात्तर उजाडलं. विहिरी आटल्या. नदीत झिरा खणून वाटीवाटीनं पाणी भरायची पाळी आली. गाडीचा रेडिएटर गळका, तिला वाडीबाहेर जायचं म्हटलं तरी घागरभर पाणी लागायचं. ती लिंबाखाली उभी राहिली ती राहिलीच. गावातली घरं एकेक करून कुलपं लावून पुण्याकडं निघाली. भामाबाईच्या नवऱ्यानंही, आप्पारावानं, बिऱ्हाड बांधायला घेतलं होतं. "गावात काम निघालं तर ठीक, न्हाईतर परवा निघायचं," असं त्यानं सांगून टाकलं. भामाबाईला गाव सोडायचं नव्हतं. परक्या गावात पालाखाली लेकरं वाढवायची तिची तयारी नव्हती.

अशात एका सकाळी खबर आली, की तलाव-रस्त्यांची दुष्काळी कामं मंजूर करणारे साहेब वडवणीत आले आहेत आणि दुपारी बीडला परत जाणार आहेत. एसटी येऊन गेलेली, पायी जाईपर्यंत साहेब निघून जाणार. राहिली ती गाडी. बबनरावांनी लिंबाखाली सभासद गोळा केले आणि पाणी कुठून आणायचं यावर चर्चा सुरू केली. एकानं ठराव मांडला, दुसऱ्यानं अनुमोदन दिलं. पाणी मात्र कुणाच्याच घरातून निघेना.

भामाबाई घरात गेली, रांजणाच्या तळातून एक तांब्या भरला आणि सभेच्या मधोमध येऊन रिकाम्या घागरीत ओतला. पदर सावरून बाकीच्या बायांना म्हणाली, "बघता काय? आना की!" मग बाया आल्या. कुणी तांब्या, कुणी अर्धा तांब्या, एकीनं तर वाटीभरच. रेडिएटर भरला आणि वर घागरीतही पाणी उरलं.

"आता ह्या पान्यासंगं आमच्यातलं एक मानूस येईल," भामाबाई म्हणाली. "वाटंत तुमीच पिऊन टाकाल, तुमचा भरवसा न्हाई."

आता आली का पंचाईत! बबनराव तिचे चुलत सासरे. सुनेनं मागं चार पुरुषांत चेंगरून बसायचं तर ते रीतीला धरून नाही. मग जागा एकच उरली, पुढची, खिडकीजवळची, खुद्द चेअरमनची. धोंडीराम दिराच्या नात्याचा, त्यामुळं तिकडून हरकत नव्हती. बबनरावांनी तीनदा घसा खाकरला आणि मागं जाऊन बसले. मांडीवर घागर घेऊन भामाबाई पुढं बसली. गाडीला धक्का मारायला सगळं गाव लागलं. गाडी धडधडत सुटली, तेव्हा भामाबाईला इतका आनंद झाला, की पाणी हिंदकळून लुगडं भिजतंय याचंही तिला भान राहिलं नाही.

चढ लागला तशी गाडी तापली. धोंडीरामनं ती दोनदा थांबवली, निवू दिली, पाणी पाजलं. ऊन मी म्हणत होतं. मागून बबनराव म्हणाले, "सूनबाई, घोटभर दे गं. जीव चाललाय."

"मामा, तुमी पायी बी जाऊ शकता. गाडीला पाय न्हाईत," ती म्हणाली. पुन्हा कुणी पाणी मागितलं नाही.

वडवणीत पोचले तेव्हा घागर कोरडी पडली होती आणि साहेबांनी जीपमध्ये एक पाय ठेवला होता. त्यांनी वाफा सोडणारी अँबॅसिडर बघितली, तिच्यातून उतरणारे पटकेवाले बघितले आणि हसून म्हणाले, "वा! मोटारीतून दुष्काळ मागायला आलात?"

ज्या गाडीसाठी जिवाचं रान केलं, तीच अंगावर उलटली की! बबनराव सावरायला गेले आणि त्यांनी होतं नव्हतं ते सगळं घालवलं. "साहेब, गाडी एकल्याची न्हाई. सहकारी तत्त्वावर हाय."

"मग तलावही सहकारी तत्त्वावरच खोदा," असं म्हणून साहेबांनी दुसरा पाय उचलला.

भामाबाईच्या डोळ्यांपुढं दारात बांधून ठेवलेलं बिऱ्हाड आलं. ती पुढं झाली. "साहेब, काम नका देऊ. तांब्याभर पानी तेवढं द्या."

पाण्याला नाही कोण म्हणणार? शिपायानं माठातलं गार पाणी तांब्या भरून आणून दिलं. मागं सगळे पुरुष उभे, ओठ फुटलेले, डोळे तांब्यावर खिळलेले. भामाबाईनं तांब्या घेतला, वळली आणि तशीच गाडीकडं गेली. धोंडीरामनं जाड फडक्यानं झाकण सोडलं. तिनं ते पाणी हळूहळू, शेवटच्या थेंबापर्यंत रेडिएटरमध्ये ओतलं. एकाही पुरुषानं हात पुढं केला नाही. बबनराव तेवढे दुसरीकडं बघायला लागले.

"अहो बाई, मला वाटलं तुम्हाला प्यायला पाहिजे," साहेब म्हणाले.

"आमाला तहानंची सवय हाय, साहेब. हिला न्हाई." तिनं रिकामा तांब्या शिपायाच्या हातात दिला. "सकाळी घराघरातनं तांब्या तांब्या पानी घातलं, तवा ही इथवर आली. लेकराला वाटीनं पानी देतेत, त्या घरांनी दिलंय. आमी मोटारीत बसून आलो न्हाई, आमच्या तोंडचं पानी हिला पाजून आलो. आता परत जायाचं तर तिला दिलंच पायजे की."

साहेबांनी जीपमधला पाय खाली घेतला. घटकाभर ते त्या गाडीकडं आणि त्या पुरुषांच्या ओठांकडं बघत राहिले. मग शिपायाला म्हणाले, "माठ बाहेर आण. आधी सगळ्यांना पाणी पाज." आणि खिशातून पेन काढत त्यांनी विचारलं, "गाव कोणतं तुमचं?"

दिवस कलता गाडी वाघदरवाडीत शिरली. आप्पाराव बिऱ्हाडाची गाठ आवळत दारात उभा होता. बबनराव खाली उतरले आणि चारचौघांत ओरडले, "सोड ते, आप्पा! पाझर तलाव मंजूर झाला. तुज्या बायकोनं आनलाय!"

आप्पारावानं बायकोकडं बघितलं. "तू साहेबासंगं बोलली?"

"मी कशाला बोलू?" भामाबाई घागर कमरेवर घेत म्हणाली. "पानी मागितलं निस्तं."

तलावाच्या भिंतीवर मातीची पहिली पाटी तिनं टाकली. वाघदरवाडीत त्यानंतर एकाही दाराला कुलूप लागलं नाही, आणि जे गेले होते तेही परत आले.