अठरा खिळ्यांत मी नव्हते

मी एक संख्या बोलतेय. त्या दुपारी छापखान्यात माझ्या अंगावर काहीतरी कमी होतं.

एकाशेजारी एक असे एकोणीस एक मांडले की मी होते. मूळ संख्या. मला एकाने भाग जातो आणि माझा मलाच. बाकी कुणाची डाळ शिजत नाही. मला कुणी घडवलं नाही. मोजणारं कुणी नव्हतं तेव्हाही मी होतेच.

काहीतरी चुकलंय हे कळलं ते मुद्रितं तपासणाऱ्या मुलीला. कॉलेज संपवून नुकतीच लागलेली, दार वाजलं तरी दचकायची. गणिताच्या बाईंचं पुस्तक हे तिचं पहिलंच काम आणि पहिल्याच पानावर मी. सवयीने ती पेन्सिलीने माझे एक जोडीजोडीने खुणावत गेली. बरोबर नऊ जोड्या लागल्या. कुणीच उरलं नाही.

जोड्या लागल्या म्हणजे अकराने भाग गेला, आणि वर तर छापलंय की हिला भाग जात नाही! हस्तलिखित बाईंकडे परत गेलेलं.

"दादा, यात एक चुकलाय," ती छपाईचे खिळे जुळवणाऱ्याला म्हणाली.

"अगं, एकांचा खणच रिकामा झाला होता. इकडून तिकडून गोळा केले. एखादा राहिला असेल, नाहीतर जास्त पडला असेल. सगळे जुळे भाऊ, कुणाकुणाला ओळखू?"

"मग सतरा होते की एकोणीस?"

"मला विचारतेस? शिकलीस तू!"

सतरांचे सारखे गट पडत नाहीत, एकोणिसांचेही नाहीत. पण तेवढ्यावर कुणी मूळ ठरत नाही. सतरा एकांच्या माझ्या धाकट्या बहिणीला वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीसने भाग जातो. चेहऱ्यावरून मुळीच कळत नाही. मुलीने भागाकार मांडला खरा, पण माझी खात्री करायला तिला एक अब्जाच्याही पुढे जावं लागलं असतं. तिने पेन्सिल ठेवली.

मशीनवाले काका पान चढवून उभे होते. "पोरी, एक इकडे काय नि तिकडे काय! सोडू का?"

"थांबा ना काका."

"मालकांना उत्तर तू देशील?"

"देईन," ती म्हणाली.

तिने बाईंच्या घरी फोन लावला. रिंग वाजत राहिली. काकांनी एकदा मशीनकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

मला काय, कागदावर चुकले म्हणून मी बदलत नाही. पण बाईंच्या शब्दावर विश्वास ठेवून जी पोरं मला पडताळायला बसतील, त्यांना मी त्या पानावर सापडणार नाही. जोड्या लावून झाल्या की शेवटी एक एकटा उरायला हवा. एवढा एक खिळा द्या मला.

पलीकडे रिसीव्हर उचलला गेला.

"बाई, पहिल्या पानावरचे एक किती?" हॅलो म्हणायचंही ती विसरली.

"एकोणीस गं. का, कमी पडले?"