मधला खड्डा

तिसऱ्यांदा पाणी लावून जयंतने मातीची गोळी चोळली, आणि अंगठ्याला पुन्हा काहीच कळलं नाही.

तो मांडीएवढ्या खोल खड्ड्यात उभा होता. मार्च निम्मा सरला तरी वारा बोचत होता. वर काठावर मधुमती थर्मास घेऊन उभी होती. या शेताचं कूळ तीच.

"काय म्हणते माती?"

"थांबा, बघतोय."

"तीनदा बघितलं, भाऊ. मागच्या खेपेस एकदा चोळली की लिहून मोकळे होत होते तुम्ही."

जयंतने गोळी डोळ्यांजवळ नेली, जणू जवळून पाहिल्यावर कळणार होतं.

एकतीस वर्षं तो हेच काम करत होता. बर्मिंगहॅमच्या एका कंपनीसाठी शेतं फिरायची, गिरमिटाने भोकं पाडायची, ओली माती बोटांत चोळायची आणि तिच्यात चिकण किती, वाळू किती ते सांगायचं. ऑफिसातली नवी पोरं लॅपटॉप घेऊन यायची, पण अडलं की म्हणायची, जयंतकाकांना विचारा. त्याच्या बोटाचा अंदाज लॅबच्या आकड्याशी जुळायचा. त्याच्याबद्दल चारचौघांत सांगण्यासारखी एवढीच एक गोष्ट होती.

दोन वर्षांपूर्वी त्याला आतड्याचा कॅन्सर झाला. कॅन्सर बरा झाला, पण औषधांनी बोटांची टोकं बधिर झाली. डॉक्टर म्हणाले, जाण येईल हळूहळू. आली नाही. शर्टाची बटणं आता बायको लावून द्यायची. "ऑफिसात सांगून टाका हो," लीलावती रोज म्हणायची. "सांगतो," तो रोज म्हणायचा.

"चहा घ्या आधी," मधुमती म्हणाली. "पेला धरा नीट, गरम आहे."

त्याने पेला धरला. गरम आहे हे त्याच्या तळहाताला कळलं, बोटांना नाही.

लेस्टरपासून अर्ध्या तासावर हे शेत होतं. एकशेचाळीस एकर, थोडा गहू, बाकी मेंढ्या. मधुमती मूळची वर्ध्याची. नर्स म्हणून लेस्टरच्या हॉस्पिटलात आली आणि कॉलिन नावाच्या शेतकऱ्याशी लग्न करून इथे राहिली. जमीन कॉलिनच्या बापापासून खंडाने होती, मालकी एका इस्टेटीची. चार वर्षांपूर्वी कॉलिन गेला, तेव्हापासून ती एकटीच बघत होती. खंडाचा करार सप्टेंबरला संपत होता आणि इस्टेटीला तिथे सोलर पॅनेल लावायची होती. मेंढ्या आणि गहू मिळून जेवढा खंड देत, त्याच्या कितीतरी पट सोलरवाले देणार होते.

"वर्षातून चार दिवस ऊन पडते इथं," ती म्हणाली, "अन् म्हणे सोलर. ते पलीकडचं रान पाहा. लंडनच्या कोण्या माणसानं घेतलं. टॅक्स वाचते म्हणे शेत घेतलं की. दोन वर्षं झाली, अजून पाहायला नाही आला. जमिनीचा भाव वाढला की जमिनीवरच्या माणसाचा उतरते, असं कॉलिन म्हणायचा."

"खरं आहे."

"मग आज लिहा काही चांगलं."

सगळं आता या एका खड्ड्यावर येऊन थांबलं होतं. जमीन चांगल्या प्रतीची ठरली तर प्लॅनिंगवाले सोलरला सहसा परवानगी देत नाहीत. एक पायरी खाली गेली तर देतात. या मातीत वरच्या थरात चिकण थोडी कमी निघाली तर ती चांगली, थोडी जास्त निघाली तर खालची. लॅबला पाठवलेले दोन नमुने परत आले होते, एकात चिकण कमी, एकात जास्त. काल निधीचा फोन आला होता. निधी पुण्याची, त्याची मॅनेजर, त्याच्या मुलीच्या वयाची. "काका, मधला एक खड्डा घ्या ना. लॅबला आता टाइम नाहीये, फ्रायडेला रिपोर्ट सबमिट करायचाय. तुमचं बोट म्हणेल ते लिहू. तुमच्यावर कोणी क्वेश्चन करत नाही."

जयंतने पेला काठावर ठेवला. चौथी गोळी केली. चिकण 'मध्यम' लिहिली तर ही बाई राहते. कुणी विचारणार नव्हतं. एकतीस वर्षांत त्याने कधी कुणाला झुकतं माप दिलं नव्हतं, एकदा दिलं तर काय बिघडणार होतं? पण खरं काय आहे हे माहीत असून खोटं लिहिणं वेगळं. त्याला तर खरं काय तेच माहीत नव्हतं.

"बाई," तो म्हणाला, "मला कळत नाहीये."

"काय कळत नाहीये?"

"माती. माझी बोटं गेलीत. दोन वर्षं झाली."

ती बघतच राहिली. "म्हणजे मागच्या खेपेस?"

"रंग बघून लिहिलं. ते नमुने लॅबला जाणारच होते, म्हणून निभावलं."

"वा रे वा!" तिचा आवाज चढला. लांबच्या मेंढ्यांनी माना वर केल्या. "घर माझं चाललं, अन् ठरवणार कोण तर हा असा माणूस! मग आले कशाला तुम्ही आज? चहा प्यायला?"

"बोलवलं म्हणून आलो."

"नाही म्हणता येत नव्हतं?"

नाही म्हटलं असतं तर उद्यापासून जयंत कोण होता?

ती पाठ करून कुंपणाकडे निघाली, चार पावलांवर थांबून वळली. मग बुटांनी काठ चाचपत खड्ड्यात उतरली. दोघांना जागा जेमतेम होती.

"हॉस्पिटलात मी शीर बोटानं शोधायची," ती म्हणाली. "म्हाताऱ्या माणसाची दिसत नाही, बोटाला लागते. पोरी मला बोलवायच्या. सांगा, कसं करायचं."

"तुम्ही नका करू. तुमचंच नुकसान होईल."

"चिकट निघाली तर मी गेली, एवढं कळते मला. तीस वर्षं बुटाला चिकटून राहिली ही. सांगा."

त्याने सांगितलं. सुपारीएवढी घ्या. पाणी थोडं थोडं लावा. मळा, खडा राहू देऊ नका. आता अंगठ्याने दाबत पुढे सरकवा. खरखर लागते का बघा. ओढ लागते का बघा. अंगठा फिरलेल्या जागेवर चमक येते का बघा, आली तर चिकण जास्त.

ती मळत होती. कणीक तिंबावी तशी नाही, जपून, डोळे मिटून. जयंत तिच्या अंगठ्याकडे बघत होता. नखात माती शिरली होती. एकदा तिचा अंगठा थांबला, मग पुन्हा पुढे गेला.

"खरखर नाही," ती म्हणाली.

"हं."

"ओढते बोटाला."

"थोडी की जास्त?"

तिने डोळे उघडून हात उजेडाकडे केला.

"चमकते हो."

"पुन्हा एकदा करा. पाणी जास्त झालं असेल."

"कशाला? तुमच्या बोटाला कळत नाही, माझ्या तर कळते ना."

"बाई, मी ऑफिसला सांगतो माझ्या हाताचं. सगळं पुन्हा तपासायला लावतील. दोन-तीन महिने मिळतील तुम्हाला."

"सांगाच तुम्ही. सांगायला पाहिजे तुम्ही." ती थांबली. "पण दोन महिन्यांत ही माती बदलते का?"

"नाही."

"मग लिहा."

काठावर बसून त्याने फॉर्म लावलेली फळी गुडघ्यावर घेतली. पेन बोटांत फिरत होतं, म्हणून ते मुठीत धरून त्याने लिहिलं. वरचा थर, चिकण जास्त. खाली शेऱ्याचा रकाना होता. तिथे त्याने लिहिलं की माझ्या बोटांना स्पर्श कळत नाही, ही माती शेतकरी बाईंनी तपासली आहे आणि त्यांची तपासणी बरोबर आहे. खाली सही केली. ही आपली शेवटची सही, हे त्याला सही करतानाच कळलं होतं.

"दाखवा," ती म्हणाली. वाचून फळी परत दिली. "कॉलिन असता तर मध्यमच म्हणाला असता. बेरकी होता."

"तुम्ही का तसं नाही म्हणालात?"

"काय माहीत, भाऊ. हातात आल्यावर तसं नाही म्हणता आलं."

दोघांनी मिळून खड्डा बुजवला. खालची माती खाली, वरची वर. जयंतला फावडं नीट धरता येत नव्हतं, म्हणून बरीचशी तिनेच लोटली. शेवटी गवतासकट कापून ठेवलेले चौकोन तिने एकेक करून जागेवर बसवले, हिरवी बाजू वर, आणि बुटाच्या टाचेने चारी कडा दाबत गेली.

"झालं की," तो म्हणाला. "राहू द्या आता."

"मेंढीचा पाय जाईल," ती म्हणाली. खाली वाकून तिने दोन चौकोनांमधली फट बोटाने बुजवली, आणि पुन्हा टाचेने दाबू लागली.